एक्केचाळीस वेळा बदामी

"हिरवी नेसव म्हटलं ना," बनूआत्या म्हणाली. "सवाष्ण गेलीय. सवाष्णीला हिरवंच नेसवतात. तुमच्या सांगलीत काय करत असतील ते तिकडं."

आईला आंघोळ घालून सोप्यात चटईवर निजवलं होतं. अंगावर एक जुनं धुवट पातळ तेवढं पांघरलेलं. आत्याच्या हातात कोरी हिरवी साडी होती, नुकतीच पिशवीतून काढलेली, आणि माझ्या हातात बदामी इरकल. गल्लीतल्या चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता आत्या-भाचीत कोण माघार घेतंय, तेवढं त्यांना बघायचं होतं.

"आत्या, तिनं मला सांगितलं होतं. जाताना मला माझ्या आवडीचं नेसव म्हणून. मी शब्द दिलाय."

"आणि हे तिच्या आवडीचं? हे असलं पांढरट?"

"हो."

"कशावरून?"

ह्यावर कुणीही शहाणी बाई गप्प बसली असती, किंवा रडली असती. मी काय करावं? मी साडी काखेत धरून आतल्या खोलीत गेले आणि फडताळावरची वही घेऊन आले. आई पुढ्यात निजलेली आणि मी वही उघडून उभी.

"एकशे बारा दिवस रोज लिहिलंय," मी म्हणाले. "रोजच्या नेसणीतल्या अकरा साड्या. त्यात ही बदामी एक्केचाळीस वेळा. बाकी कुठलीच साडी वीसच्या वर नाही. आता बोल."

आत्यानं वहीकडे बघितलंही नाही. तिनं उंबऱ्याकडे बघितलं. तिथं अण्णा बसले होते, माझे वडील. हिरवी साडी त्यांनीच सांगून मागवली होती. आमच्या घरात आईच्या साड्या लग्नापासून अण्णाच आणायचे. दुकानात आईला सोबत न्यायचे, गादीवर बसवायचे, आणि पसंत स्वतः करायचे. "ही घे, मालन." आई म्हणायची, "बरं." तेवढा एक शब्द. त्यात रुसवा नसायचा की आनंद नसायचा.

अण्णा भिंतीला धरून उठले. "बनू, ठेव ती," ते म्हणाले. "जन्मभर मीच आणलं आणि मीच ठरवलं. एवढं एक तिच्या आवडीचं होऊ दे."

"अरे पण दादा, लोक काय म्हणतील? सवाष्णीचा मान आहे तो."

"म्हणू देत."

अण्णांनी बहिणीचा शब्द मोडलेला मी पहिल्यांदा बघितला. आत्यानं हिरवी साडी घडी करून पायाशी ठेवली, आणि मी माझ्या हातानं आईला बदामी इरकल नेसवली. निऱ्या नीट घातल्या, कमरेला घट्ट खोचल्या, पदर सारखा केला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला रडता रडताही मला जिंकल्यासारखं वाटत होतं. घरात एवढी माणसं, पण आईला ओळखलं ते मी, असं.

मी तेव्हा सांगलीत मुलींना शिवणकाम शिकवायची. नुसतं मशिन चालवायला नव्हे. कापड, रंग, कुणाला काय शोभतं, सगळं शिकवायची, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. दरवर्षी नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना एक वही करायला लावायची. रोज काय घातलं ते लिहा. का घातलं ते लिहा. घालून कसं वाटलं ते लिहा. 'मला अमुक आवडतं' म्हणणं सोपं असतं, पण सकाळी हात कुठल्या कपड्याकडे जातो ते महिनाभर लिहिलं की खरं काय ते कागदावर येतं. मी स्वतः दोन वर्षं लिहून काढलं होतं. मला फुलाफुलांचं चालत नाही, मला गडद आणि बिनकाठाचं लागतं, हे मला त्या वहीनं शिकवलं होतं. त्या वहीवर माझा देवावर नव्हता एवढा विश्वास होता.

आईच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं, परत शिवलं, आणि घरी न्या म्हणाले. मी बिनपगारी रजा टाकली, नवऱ्याला आणि मुलीला सांगलीत ठेवलं आणि गडहिंग्लजला माहेरी येऊन राहिले. भाऊ पुण्याहून येऊनजाऊन. श्रावण लागला होता.

दुखण्यातल्या बाईला गाऊन घालावा, उठबस सोपी जाते, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. आई ऐकेना. "मी काय दवाखान्यात आहे का? घरात आहे. घरात नेसूनच बसणार." मग रोज सकाळी आंघोळ झाली की मी कपाट उघडून उभी राहायची आणि विचारायची, "आज कुठली?" ती बोट दाखवायची. दुपारी ती डुलकी घ्यायची तेव्हा मला काही काम नसायचं. सवयीनं मी एक वही केली आणि लिहायला लागले. तारीख, साडी, आणि शेवटी एक छोटा रकाना, नेसून कसं वाटतंय.

तिला ते आठवडाभरात कळलंच.

"काय गं लिहितेस रोज?"

"तू काय नेसलीस ते."

"अगंबाई. कशाला? धोब्याला द्यायचंय?"

"आपल्याला काय आवडतं ते कळतं त्यानं."

"आपलं आपल्याला कळत नाही आणि वहीला कळतं?"

"वहीला जास्त कळतं. माणूस लाजतो, वही लाजत नाही."

आई हसली. पोट धरून हसली, कारण हसलं की टाके ओढायचे. "मग सांग बाई मला. सत्तरी जवळ आली, माझी आवड काय ते मला कुणी विचारलेलं आठवत नाही."

मी लगेच विचारायला हवं होतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "थांब, अजून नोंदी थोड्या आहेत."

गणपती झाले आणि तिचं पोट पाण्यानं फुगायला लागलं. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती आरशात न बघता म्हणाली, "शैलू, मी जाईन ना, तेव्हा हिरवं आणतील. आणू देत. तू मला माझ्या आवडीचं नेसव."

माझा हात थांबला. पण तिला रडारड खपायची नाही, म्हणून मी सरळ विचारलं, "कुठलं ते सांग."

"ते सांगायचं असतं होय? सांगून नेसवलंस तर तू नेसवलंस काय आणि बनूनं नेसवलं काय. सगळं दुसऱ्यांच्या आवडीचं नेसले बघ मी. सासूच्या, ह्यांच्या, नंदेच्या. एकदा कुणीतरी न सांगता ओळखावं." मग जरा वेळानं म्हणाली, "तू लिहितेस ना रोज. कळेल तुला."

त्या दिवसापासून मी ती वही परीक्षेच्या अभ्यासासारखी लिहायला लागले. आईला आयुष्यात कुणी ओळखलं नव्हतं. मी ओळखणार होते, आणि त्याला वेळ थोडा होता.

बदामी इरकल मीच तिला आणली होती, पहिल्या पगारातून, वीसेक वर्षांपूर्वी. एरवी ती कधी दिसायची नाही. पण मी आले त्या आठवड्यापासून आईचं बोट तिच्याकडेच जायचं. धुऊन वाळली की लगेच परत तीच. मी मनातल्या मनात फुलायची. अण्णांनी आणलेल्या पंचवीस साड्या एकीकडं आणि माझी एक एकीकडं. आणि दुपारी वही लिहायच्या आधी मी विचारायची, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "ठीक." मी रकान्यात लिहायची, ठीक.

त्या चार महिन्यांत तिनं मला तीनदा कपाटाचा वरचा खण उघडायला लावला. तिथं ठेवणीतल्या साड्या होत्या, ज्या लग्नाकार्यातही सहसा निघायच्या नाहीत. रेशमाला एकाच घडीवर फार दिवस ठेवलं की घडीवर चिरतं, म्हणून अधूनमधून घडी मोडून उलटी घालायची असते. सगळ्यात तळाला पांढऱ्या धोतरात बांधलेली एक साडी होती. गुलबक्षी. भडक म्हणावं तसा गुलबक्षी रंग आणि पोपटी काठ. मी लहानपणापासून ते गाठोडं बघत आले होते आणि कधी सोडून बघितलं नव्हतं.

पहिल्या वेळी ती म्हणाली, "ती खाली घे. आण माझ्याकडं." मांडीवर घेतली, घडी मोडली, हात फिरवत राहिली. "मऊ आहे बघ अजून." मी दुसरं टोक धरलं, आम्ही दोघींनी मिळून उलटी घडी घातली, आणि गाठोडं परत वर गेलं. नवरात्रात पुन्हा तसंच. त्या वेळी तर तिनं पदर खांद्यावर टाकून बघितला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी लवंगा मोजत होते, धोतरात ठेवायला.

तिसऱ्यांदा दिवाळी होऊन गेल्यावर. तोवर तिला उशीला टेकूनही फार वेळ बसवत नव्हतं. तरी म्हणाली, गुलबक्षी काढ. पदर खांद्यावर घेतला आणि विचारलं, "कशी वाटते गं मला?"

आता मी शिवणाची बाई. मला कुणी रंगाबद्दल विचारलं की मी खरं सांगते. मुलींना सांगते तसंच सांगितलं. "आई, हा रंग तुला नाही जात. तुझ्या वर्णाला भडक मारतो. तुला फिकं शोभतं, बदामीसारखं."

"होय का?"

"हो. बघ की आरशात."

तिनं आरसा मागितला नाही. पदर खाली घेतला. "बरं," म्हणाली. आणि आम्ही दोघींनी उलटी घडी घातली.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी बेरीज केली. सगळ्या नोंदी ओळीनं मांडल्या, पेन्सिलीनं रेघा मारल्या, आणि संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिच्या कानाशी गेले. "आई, मला कळलं."

"काय गं?"

"तुझ्या आवडीचं. बदामी इरकल ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला भरून आलंय. मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "बरं," म्हणाली.

मी त्याला होकार समजले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली, आणि सोप्यात वही घेऊन मी आत्याशी भांडले ते वर सांगितलंच.

हौसामावशी नवव्या दिवशी आली. आईची ही एकुलती एक धाकटी बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती हुबळीला लेकाकडे पडून होती, म्हणून शेवटी येऊ शकली नव्हती. दोघींचं बोलणं व्हायचं ते फोनवर, बाजाराच्या दिवशी, मी भाजीला गेले की. मी परत येईपर्यंत आई फोन ठेवून निजलेली असायची. काय बोलता विचारलं की म्हणायची, "म्हाताऱ्या बायकांचं काय बोलणं असतंय."

मावशी काठी टेकत आत आली, आईच्या फोटोपुढं बसली, रडून घेतलं. चहा घेतला. मग डोळे पुसून मला म्हणाली, "गुलबक्षीत कशी दिसत होती गं?"

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"आक्का. गुलबक्षी नेसवलीस नव्हं?"

मी म्हणाले, "बदामी नेसवली. इरकल. तिची आवडती."

मावशीनं कप खाली ठेवला. "इरकल? ती कशी आवडती असंल? ती टोचायची की तिला. कडक काठ आहे तो, कमरेला रुततोय म्हणायची. फुगलेलं पोट. दर फोनला सांगायची."

"मग रोज का नेसायची?"

"तू आणलेली ना. 'पोरगी घरदार सोडून आलीय, तिची साडी अंगावर दिसली की तोंड फुलतं तिचं,' म्हणायची. 'तेवढाच तिला आनंद.'"

मावशीला थांबवायला हवं होतं, पण ती आता बहिणीच्या आठवणीत शिरली होती. निपाणीला दोघी मिळून गेल्या होत्या, माझ्या जन्माच्या आधी. आईनं आयुष्यात एकदाच, सासरचं कुणी सोबत नसताना, दुकानात हात पुढं करून स्वतः साडी उचलली. "दुकानातनं थेट माझ्या घरी आली आणि नेसून बसली. दिवसभर नेसून बसली, शैलू. भाकरी थापायला उठली तर मीच ओरडले, बस म्हटलं, डाग पडंल. काय दिसत होती. काळी पोरगी, पण नुसती उजळून निघाली होती. संध्याकाळी सोडली, घडी घातली आणि सासरी घेऊन गेली. तिथं सासू म्हणाली, काळ्या अंगाला हा कसला रंग. आणि तुझे अण्णा हसले. वाईट मनानं नव्हे, आपले हसले. ही म्हणाली, बरं. झालं. परत अंगाला लावली नाही."

"तिनं तुला सांगितलं होतं? शेवटी तीच नेसवायची म्हणून?"

"सांगितलं म्हणजे काय, माझ्यापाशी बोलायची. 'शैलू सगळं लिहितीय, तिला कळंल. घडी बदलायला मुद्दाम काढायला लावते तिला,' म्हणायची. हसायची." मावशी थांबली. तिला काहीतरी आठवलं. "दिवाळीनंतर मात्र म्हणाली, राहू दे गं हौसा. शैलूचं शिक्षण आहे रंगाचं. मला तो रंग जात नाही म्हणाली. तिचंच खरं असंल."

मावशीला मी जेवायला वाढलं. मला तेवढं करता आलं. मग आतल्या खोलीत जाऊन वही काढली. बेरीज केली तेव्हा मी फक्त साडीचा रकाना मोजला होता. शेवटच्या छोट्या रकान्याकडे बघितलंही नव्हतं, कारण तिथं बघण्यासारखं काय, खालपर्यंत ठीक, ठीक, ठीक. आता मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. बदामी, ठीक. बदामी, ठीक. श्रावणातल्या एका शनिवारी, बदामी, 'छान'. पुढं माझ्याच अक्षरात, 'आज साड्यांच्या घड्या बदलल्या'. नवरात्रात पाचव्या माळेला, 'छान'. पुढं, 'घड्या बदलल्या, लवंगा ठेवल्या'. दिवाळीनंतरच्या दिवशी, 'घड्या बदलल्या'. आणि रकान्यात, ठीक.

एकशे बारा दिवसांत दोनदा छान, आणि दोन्ही वेळा तिच्या मांडीवर ती गुलबक्षी होती. माणूस लाजतो, वही लाजत नाही, असं मीच तिला म्हणाले होते. वहीनं खरं तेच सांगितलं होतं. आमच्या घरातली बाई जे तिच्या जिवाचं असतं ते नेसत नाही, ते ती ठेवते, हे मला शिवणाच्या वर्गात कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्याच घरात वाढले होते. आणि तरी मी अंगावरच्या साड्या मोजत बसले. सासूनं, अण्णांनी केलं तेच मी केलं, फक्त मी शिकून केलं. आणि शेवटी तिला कमरेला रुतणारी साडी घट्ट खोचून पाठवलं. ते आता कशानंही सैल होणार नव्हतं.

मावशी मागून आली. वरचा खण तिनंच उघडला, गाठोडं काढलं, साडी पलंगावर पसरली. कुठं चीर नाही, डाग नाही. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. मग मावशीनं एक टोक धरलं आणि मला म्हणाली, "धर." आम्ही उलटी घडी घातली.

तिन्हीसांजेला मी अण्णांना दूध द्यायला सोप्यात गेले. ते आईच्या जागेशेजारी बसले होते. नऊ दिवसांत ते फारसं बोलले नव्हते. बनूआत्यानं मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगून सोडलं होतं, सवाष्ण बाई आणि बदामीत नेली, दादानं पोरीचं ऐकलं. ते सगळं त्यांच्या कानावर जातच होतं.

"शैला."

"काय अण्णा?"

"ती साडी." ते पेल्याकडे बघत बोलत होते. "तिच्या आवडीचीच होती ना गं? तू नीट बघितलं होतंस ना?"

आत मावशी बसली होती. पलंगावर गाठोडं होतं. खरं सांगायची मला केवढी खोड, आणि खरं सांगूनच मी आईला मारलं होतं असं मला त्या वेळी वाटत होतं.

"हो, अण्णा," मी म्हणाले. "तिच्या आवडीचीच."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाले. "माझ्या हातून तिच्या मनासारखं एक तरी झालं."

त्यानंतर अण्णा सहा वर्षं जगले. दर श्राद्धाला जेवणं झाली की ते हे वाक्य म्हणायचे, आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायचे, आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारायचे, "होय ना गं शैला?" आणि दर वेळी मी होय म्हणायची.